बर्फाच्या जात्यावर दळलेली जमीन

दिवाळीच्या आधीचा पंधरवडा म्हणजे घरोघरी धुळीशी युद्ध. माळ्यावरचे डबे खाली येतात, पंख्याची पाती पुसली जातात, आणि पुस्तकांच्या कपाटामागे वर्षभर निवांत राहिलेली धूळ झाडूच्या एका फटकाऱ्यासरशी उघड्यावर येते. हा अंक हाती घेऊन बसलेल्या वाचकांचे हात त्या कामातून नुकतेच मोकळे झाले असतील. अशा वेळी कोणी धुळीची थोरवी गाऊ लागला, तर घरातील गृहिणी त्याला काय म्हणतील, याची मला पुरती कल्पना आहे. तरीही हे धाडस करतो. कारण आगगाडीचे तिकीट काढून, वाट वाकडी करून, मुद्दाम पाहावयास गेलो अशी एक धूळ माझ्या संग्रही आहे; आणि तिचे वय वीस हजार वर्षांहून अधिक आहे!

ही धूळ जर्मनीत आहे. देशाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, जेथे ऱ्हाईन नदी जर्मनी आणि फ्रान्स यांच्यामधून सीमारेषा आखीत जाते, तेथे सपाट मैदानातून एक लहानसा डोंगरसमूह एकाएकी वर आला आहे. त्याचे नाव कायझरश्टूल, म्हणजे बादशहाचे आसन. लांबी सुमारे सोळा किलोमीटर, रुंदी बारा. सर्वांत उंच माथा ५५७ मीटर. या माथ्याला तेथील लोक 'कवटी' म्हणतात. आपल्या सिंहगडाला लाजवील असे यात काही नाही. आमची मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त जवळच फ्रायबुर्ग येथे राहतात. २०२३ च्या सप्टेंबरात आम्ही उभयता तेथे गेलो होतो. युरोपला जाणारी मंडळी पॅरिसचा मनोरा पाहतात, स्वित्झर्लंडचा बर्फ पाहतात. मी म्हटले, "मला लोएस पाहायचा आहे."

जावईबापू विनयाने गप्प राहिले. सौ. मात्र म्हणाली, "आता हे आणखी काय?"

ज्यांनी शाळेत भूगोल मन लावून वाचला असेल, त्यांना हा शब्द आठवेल. वाऱ्याचे कार्य या धड्यात बारखाण, सैफ टेकड्या, आणि शेवटी लोएस मैदान. उदाहरण म्हणून चीनमधील ह्वांग हो नदीचे खोरे. पुण्याच्या शाळेत तीस वर्षे मी तो शब्द फळ्यावर लिहीत आलो. चीनचा लोएस जगात सर्वांत मोठा, यात शंका नाही. पण त्याचे नाव चिनी नाही. १८२३-२४ च्या सुमारास हायडेलबर्गचे प्राध्यापक कार्ल फॉन लेओनहार्ड यांनी ऱ्हाईनकाठच्या शेतकऱ्यांच्या बोलीतला हा शब्द शास्त्रीय ग्रंथात आणला. त्याचा अर्थ अगदी साधा: सैल, भुसभुशीत. म्हणजे ज्या मातीने जगाला हे नाव दिले, ती मुलीच्या घरापासून आगगाडीने अर्ध्या तासाच्या आत होती. सोडणार कसा?

ईरिंगेन नावाच्या गावी आम्ही उतरलो. गाव द्राक्षांचे. जर्मनीतल्या अत्यंत उबदार गावांत त्याची गणना होते, याचा तेथल्या लोकांना फार अभिमान. चोहोबाजूंना डोंगराला पायऱ्या पाडलेल्या, आणि प्रत्येक पायरीवर वेलींच्या रांगा. छाटणीचा मोसम संपून तोडणी चालू झाली होती. सौ.चे माहेर निफाड तालुक्यातले; तिच्या भावाची द्राक्षबाग आहे. कंटाळलेला तिचा चेहरा वेली दिसताच उजळला, आणि बिकेनझोल गावापर्यंतची चाल तिने कुरकुर न करता पुरी केली. घड लहान, मणी लहान, वेल जमिनीपासून फार उंच नाही, आपल्यासारखा मांडव नाही, अशी टिपणे चालू होती.

बिकेनझोलच्या कडेला एक रस्ता डोंगरात शिरतो. शिरतो म्हणण्यापेक्षा बुडतो म्हणणे बरे. दहा पावले गेलो नाही, तोच दोन्ही बाजूंच्या भिंती डोक्यावर गेल्या. आणखी थोडे चाललो, तर आपण एखाद्या अरुंद बोळात उभे आहोत आणि वर फक्त आभाळाची पट्टी, असे वाटू लागले. भिंती सरळ, उभ्या, पिवळसर. हा रस्ता कोणी खणलेला नाही. शेकडो वर्षे बैलगाड्यांची चाके या मातीवरून फिरली. चाकांनी माती मोकळी केली, पावसाने ती वाहून नेली, आणि रस्ता हळूहळू खाली बसत गेला. असे रस्ते या डोंगरात पुष्कळ आहेत. जर्मन भाषेत त्यांना होलवेग, म्हणजे पोकळ वाट, असे नाव आहे.

मी भिंतीला बोट लावले. बोटाला पीठ लागले.

सौ.ने चिमूटभर घेऊन दोन बोटांत चोळले आणि म्हणाली, "अहो, हे तर भाजलेलं बेसन!"

लोएसचे याहून चांगले वर्णन मी कोणत्याही पाठ्यपुस्तकात वाचलेले नाही. रंग तोच, स्पर्श तोच. वाळूसारखे खरखरीत नाही, चिकणमातीसारखे चिकटही नाही. बहुतेक कण मिलिमीटरच्या शंभराव्या भागापासून सोळाव्या भागापर्यंतच्या मापाचे. त्यात गारेचे कण मुख्य, जोडीला चुना भरपूर. हे कण गोटीसारखे गुळगुळीत नसून कोनदार असतात. ते एकमेकांत अडकून बसतात आणि चुना त्यांना हलकेच सांधतो. म्हणून ही भुसभुशीत माती कोरडी असेपर्यंत भिंतीसारखी ताठ उभी राहते. पाऊस वरच्या थरातला चुना विरघळवून खाली नेतो, आणि तेथे त्याचे वेडेवाकडे गाठोळे बनतात. आपल्या काळ्या जमिनीत चुनखडीचे खडे सापडतात, त्यांचेच हे भाऊबंद. त्यांचे आकार कधीकधी बाहुलीसारखे दिसतात, म्हणून तेथील लोक त्यांना 'लोएसची बाळे' म्हणतात.

भिंतीत वर ओळीने भोके होती. मुलीने सांगितले, ती वेड्या राघूच्या जातीच्या एका रंगीत पक्ष्याची घरटी. पाहुणे उन्हाळा संपताच आफ्रिकेला निघून गेले होते. खाली पाहिले, तर मातीत तांदळाएवढे पांढरे शंख. गोगलगाईंचे, आणि त्या पाण्यातल्या नव्हेत, जमिनीवरच्या.

या शंखांनी एकेकाळी मोठमोठ्या विद्वानांना बुचकळ्यात टाकले होते. इंग्लंडचे थोर भूशास्त्रज्ञ चार्ल्स लायेल यांनी १८३०-४० च्या दशकात ऱ्हाईनकाठचा लोएस पाहिला. त्यांना वाटले, ही पुराची माती. पण पुराने आणलेल्या मातीत थर हवेत. येथे थर दिसत नाहीत. पूर डोंगराच्या खांद्यावर चढला कसा? आणि जमिनीवरच्या गोगलगाई येथे कशा? फर्डिनांड फॉन रिश्टहोफेन या जर्मन प्रवाशाने चीन पायाखाली घातला आणि १८७७ साली आपल्या ग्रंथात ठामपणे मांडले, की ही माती पाण्याने आणलेली नाही. वाऱ्याने आणली आहे. ती आकाशातून पडली आहे.

ऐकावयास हे सोपे वाटते. पण वारा आजही वाहतो. मग आज कायझरश्टूलवर बेसन का पडत नाही? या डोंगराचा गाभा ज्वालामुखीच्या काळ्या खडकाचा आहे, साधारण एकोणीस ते सोळा दशलक्ष वर्षांपूर्वीचा. त्यावर कुठे कुठे तीस मीटर जाडीचा, म्हणजे दहा मजली इमारतीएवढा, धुळीचा थर. एवढा माल दळला कोणी, आणि तो कारखाना बंद का पडला?

उत्तर दक्षिणेकडे आहे. स्वच्छ दिवशी या डोंगरावरून आल्प्स दिसतो. सव्वीस हजार ते एकोणीस हजार वर्षांपूर्वीच्या काळात पृथ्वीवर शेवटच्या हिमयुगाचा कडाका होता. उत्तरेकडून स्कँडिनेव्हियाचे हिमस्तर आजच्या बर्लिनच्या आसपास येऊन ठेपले होते. दक्षिणेकडून आल्प्सच्या हिमनद्या मैदानात उतरल्या होत्या. मधल्या पट्ट्यात झाड नाही, दाट गवत नाही. बोडकी, गोठलेली जमीन. कायझरश्टूल त्या पट्ट्यात होता.

हिमनदी म्हणजे बर्फाचे जाते. खालची तळी डोंगराच्या खडकाची. वरची तळी शेकडो मीटर जाड बर्फाची, आणि तिच्या पोटात दगड रुतलेले. हे जाते अहोरात्र फिरते, आणि खडकाचे पीठ पडते. उन्हाळ्यात बर्फ वितळला, की ते पीठ दुधासारख्या गढूळ पाण्यातून ऱ्हाईनच्या मैदानात येई. नदी तेव्हा आजच्यासारखी एका पात्रात शहाण्यासारखी वाहत नसे; अनेक धारांनी सगळे मैदान व्यापून गाळ पसरी. शरद ऋतूत पाणी ओसरे. गाळ उघडा पडे, वाळे, आणि मग वारा सूप घेऊन बसे. पाखडताना जड दाणे जवळ पडतात, कोंडा दूर उडतो. तसेच वाळू नदीकाठीच राहिली, मधल्या मापाचे पीठ कायझरश्टूलच्या उतारांवर बसले, आणि अगदी बारीक धूळ वर चढून जगाच्या प्रवासाला निघाली.

हे किती वेगाने झाले असेल? हायडेलबर्गच्या दक्षिणेस नुसलोख गावी लोएसचा असाच जाड कडा आहे. तेथे हिमयुगाच्या ऐन भरात वर्षाला साधारण मिलिमीटरभर माती साचत होती. त्या कड्यात फिकट आणि गडद पट्टे आलटून पालटून दिसतात. फिकट पट्टा धुळीच्या वर्षांचा. गडद पट्टा जरा उबदार, ओलसर काळाचा, जेव्हा धूळ कमी पडली आणि मातीला श्वास घ्यावयास उसंत मिळाली. हेच चढउतार हजारो किलोमीटर दूर ग्रीनलंडच्या बर्फातही नोंदलेले आहेत! तेथली धूळ बहुतांशी पूर्व आशियाच्या वाळवंटांतून गेलेली. हिमयुगातील अतिथंड शतकांत ती आजच्या मानाने शंभर पटींपर्यंत वाढली होती. आणि थंडी सरली, की काही दशकांच्या आतच ती एकदम घटे. दोन टोकांच्या दोन वह्या, पण हिशोब एकच.

बर्फाने धुळीसाठी नुसते दळणच पुरवले असे नाही. उत्तर अमेरिकेवर तेव्हा तीन किलोमीटर जाडीचा हिमस्तर होता. एवढी भिंत उभी राहिल्यावर वाऱ्यांनाही वाट बदलावी लागली. ध्रुव आणि विषुववृत्त यांच्या तापमानातला फरक वाढला, तसे वारे जोरकस झाले. समुद्राचे पाणी बर्फात अडकल्याने त्याची पातळी १२० मीटरांहून अधिक खाली गेली आणि नवी जमीन उघडी पडली. पाऊस कमी, म्हणून हवेतली धूळ धुऊन निघेना. वनस्पती कमी, म्हणून मातीला धरून ठेवणारे कोणी नाही. दळणारा, पाखडणारा आणि वाहणारा असे सगळेच एका मालकाच्या नोकरीत.

आता कारखाना बंद कसा पडला ते पाहावयास आम्ही त्याच आठवड्यात बोडन सरोवराला गेलो. कॉन्स्टान्स शहराच्या धक्क्यावर उभे राहिले, की समोर निळे पाणी आणि पलीकडे आल्प्स. हे सरोवर हिमनदीनेच कोरून काढले. तिची जीभ तेव्हा सरोवराच्याही पलीकडे, शाफहाउझेनपर्यंत पोचली होती. ती मागे सरली, आणि तिने कोरलेल्या खळग्यात पाणी भरले. खोली अडीचशे मीटर. आल्प्समधून येणारी ऱ्हाईन पूर्वेच्या टोकाला गढूळ होऊन या सरोवरात शिरते, आपला गाळ तळाशी ठेवते, आणि पश्चिमेकडून स्वच्छ होऊन बाहेर पडते. पीठ अजूनही दळले जाते, वाचकहो! फक्त ते वाटेतल्या रांजणात पडते. मैदानापर्यंत पोचत नाही. म्हणून वाऱ्याच्या सुपात काही नाही.

हेच गुपित पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला उलगडले. दक्षिण अमेरिकेच्या शेपटाला, पॅटागोनियात, अँडीजच्या हिमनद्या पूर्वेकडील मैदानात उतरत. तेथून उडालेली धूळ अंटार्क्टिकाच्या बर्फात गाडली जाई. डोम सी या ठिकाणी तीन किलोमीटरांहून खोल छिद्र पाडून शास्त्रज्ञांनी आठ लाख वर्षांचा बर्फ वर काढला. त्यात हिमयुगांतली धूळ उबदार काळाच्या सुमारे पंचवीस पट भरली. पण चमत्कारिक गोष्ट ही, की शेवटच्या हिमयुगात ती धूळ थंडीबरोबर हळूहळू वाढली-घटली नाही. एकदम चढली, एकदम उतरली. २००९ साली डेव्हिड सग्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॅगेलनच्या सामुद्रधुनीकाठच्या हिमनद्यांचा इतिहास तिच्याशी ताडून पाहिला. हिमनदीचे टोक उघड्या मैदानावर असे, तेव्हा धूळ उडे. ते मागे सरून सरोवरात उतरले, की धूळ थांबे. कळ दाबून दिवा घालवावा, तशी!

आणि ती धूळ निरुपयोगी नव्हती. अमेरिकेचे समुद्रशास्त्रज्ञ जॉन मार्टिन यांनी १९९० मध्ये असा विचार मांडला, की दक्षिण महासागरात सूक्ष्म वनस्पतींना बाकी सगळे अन्न आहे, उणीव आहे ती लोहाची. आणि हिमयुगात ते लोह धुळीतून मिळत असावे. वनस्पती वाढल्या, त्यांनी हवेतला कर्बवायू शोषला, आणि जग आणखी थंड झाले. हिमयुगात हवेत दहा लाख भागांत १८० ते १९० भागच कर्बवायू होता. उबदार काळात २८० च्या आसपास असे. आज तो ४२० च्या वर आहे. ती सगळी घट धुळीने झाली असे कोणी म्हणत नाही. पण काही वाटा तिचा आहे. म्हणजे बर्फाने धूळ केली, आणि धुळीने बर्फाला हात दिला.

पण माझ्या मनात घर करून राहिली ती आणखी एक गोष्ट. पोकळ वाटेतून वर आल्यावर एका पायरीवर एक वृद्ध गृहस्थ घड तोडीत होते. मुलीने सौ.च्या माहेरचे सांगताच ते हसले आणि त्यांनी कात्री खिशात घातली. मग दोघांच्या गप्पा सुरू झाल्या. मधे मुलगी दुभाषी. ते म्हणाले, त्यांच्या लहानपणी पायऱ्या लहान होत्या, माणसांनी खोऱ्याने केलेल्या. पुढे १९६०-७० च्या काळात मोठी यंत्रे आली. डोंगराचे रूपच बदलले. शंभर लहान पायऱ्यांच्या जागी दहा प्रचंड पायऱ्या झाल्या. पाणी वाहून जाऊ नये म्हणून त्या डोंगराच्या बाजूला कलत्या ठेवल्या. हेतू चांगला होता. पण एका वर्षी पाऊस थांबेना. पाणी आत मुरत राहिले, आणि कोरडी असताना भिंतीसारखी उभी राहणारी ही माती एका रात्रीत खाली बसली. वेलींसकट.

"किती गेली?" सौ.ने विचारले.

त्यांनी हात उंच करून आपल्या डोक्याच्या वर धरला. एवढ्या जाडीची.

मी मनात हिशोब केला. वर्षाला मिलिमीटर म्हटले, तर दोन मीटरांना दोन हजार वर्षे. तीही सोयीची वर्षे नव्हेत. दळणारे जाते, सुकणारी नदी आणि जोरकस वारा अशी तिन्ही जमून आलेली वर्षे.

सौ.ने मुलीला सांगितले, "त्यांना विचार, मग नवी माती कुठून आणली?"

वृद्ध गृहस्थ क्षणभर थांबले. मग म्हणाले, "नवी कुठून आणणार, बाई? घसरलेलीच पुन्हा वर नेली."

ती नंतर बराच वेळ काही बोलली नाही. तिच्या भावाच्या बागेत अवकाळी पावसाने ओढ्याकाठचा बांध फोडला होता, तेव्हा तोही तेच करीत होता, एवढेच ती पुढे म्हणाली.

जगात अशी जाती अजून फिरत आहेत. अलास्काच्या कॉपर नदीकाठी दर शरद ऋतूत पाणी ओसरले, की हिमनदीचे पीठ समुद्रावर उडताना उपग्रहांना दिसते. कॅनडाच्या युकॉन प्रांतात तर २०१६ साली आणखी नवल घडले. कास्कावुल्श हिमनदी इतकी मागे हटली, की तिच्या पाण्याला दुसरा उतार सापडला. स्लिम्स नावाची नदी थोड्याच दिवसांत जवळजवळ आटली, आणि तिच्या उघड्या पात्रातून धुळीची वादळे उठू लागली. हिमनदी मागे हटली की सरोवर बनून धूळ बसते, हे आपण वर पाहिले. येथे ती मागे हटली आणि धूळ उठली. बर्फ हलला, की धूळ बदलते एवढे खरे; कोणत्या बाजूला, ते तिथल्या जमिनीचा उतार ठरवतो. आज जगभर बर्फ हलत आहे, म्हणून ही जुनी धूळ शास्त्रज्ञ इतक्या बारकाईने वाचीत आहेत.

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही ब्राइझाख गावी ऱ्हाईनच्या काठावर गेलो. पलीकडे फ्रान्सचे दिवे लागत होते. नदी हिरवट, नितळ, एका पात्रात बांधलेली. मालवाहू नावा संथपणे जात होत्या. त्या पाण्यात आता पीठ नाही. मागे कायझरश्टूल काळोखात बुडत होता, आणि त्याच्या अंगावर जेवढी माती होती, तेवढीच आता कायमची होती. सौ.च्या पिशवीत त्या वृद्ध गृहस्थांनी दिलेले दोन घड होते. तिने एक मणी तोंडात टाकला, चघळला, आणि मातीची पारख असलेल्या माणसाच्या गंभीरपणाने म्हणाली, "गोड आहेत. जमीन चांगली आहे. सांभाळायला हवी."